अजून बोहनी नाही, बाई

अनसूयाबाई, साडेआठ वाजले. दुकान उघडून तासाच्या वर झाला. झाडलं, पाणी शिंपडलं, उदबत्ती लावली, ती विझूनही गेली. अजून बोहनी नाही.

समोर चक्कीच्या ओट्यावर सात-आठ बाया पिशव्या घेऊन उभ्या आहेत. दळण एकीच्याही हातात नाही. सगळ्यांना आपल्याकडचंच काहीतरी हवं आहे, आणि आधी कोण जाते म्हणून सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहताहेत. दिवसाची पहिली खरेदी विधवेच्या हातून नको. ती दुसरीनं केली की मग आपण जाऊ, असा हिशेब. मी तुमच्या गादीवर बसले आहे आणि पुड्यांच्या रद्दीवर हे लिहिते आहे. हात रिकामे राहिले तर मी उठून त्यांना शिव्या देईन.

शिव्या तुम्हालाही द्यायच्या आहेत. मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. पण परवा तुमच्या तेरवीला सगळे इतकं गोड बोलले, की आता कोणीतरी भांडायलाच पाहिजे.

सगळ्यात गोड तुमचे दीर बोलले. केशवराव डोळे पुसत म्हणाले, "आमच्या वहिनी म्हणजे देवी होत्या. कधी तोंड वर करून बोलल्या नाही." मला हसू आलं, बाई. तुम्ही आणि तोंड वर करून बोलला नाहीत! तुमचे यजमान गेल्यावर याच केशवरावांनी महिन्याच्या आत तुम्हाला घरच्या किराणा दुकानातून उठवलं होतं. माल तुम्ही पारखायच्या, डाळीला हात लावून ती कोणत्या गावची ते तुम्ही सांगायच्या, वारासिवनीच्या गिरणीवाल्याशी तांदळाचा भाव तुम्ही पडद्याआडून ठरवायच्या. पण घरच्या विधवा बाईनं गादीवर बसणं बरं दिसत नाही, म्हणून तुम्हाला चुलीपाशी पाठवलं. आणि आता देवी!

मग मुद्द्यावर आले. "दुकानाले आता घरचा माणूस पायजे. मले काही हौस नाही. पण वहिनीचं नाव तं चालवाच लागन." रविवारी सभासदांना दुकान त्यांच्या हाती देण्याच्या सह्या करायला बोलावलं आहे. आपल्या बावीस सभासद बाया तिथेच बसल्या होत्या, माना खाली घालून. मी बाहेर अंगणात होते, कारण मला पान अंगणात वाढलं होतं. जी बाई माझ्या घरचं पाणी उभ्या गावासमोर घोटाघोटानं प्याली, तिच्या तेरवीला मला अंगणात! मी पानावरून उठले. तुमच्या नावाचा घास मी खाल्ला नाही, तो राग आधी नोंदवून ठेवते.

विहिरीपाशी तुमची भाची सुमन मागून धावत आली आणि तिनं माझ्या मुठीत दुकानाची किल्ली कोंबली. "केशवकाका मांगून राह्यले होते. मी म्हटलं, सापडत नाही." मग तिनं एक गोष्ट सांगितली. तिच्यामुळेच मी आज इथे आहे. ती सांगते, पण आपलं भांडण आधी.

या दुकानात कोणत्याही शेटचा पैसा नव्हता. होता तो मुठीचा तांदूळ. चुलीवर आधण ठेवलं की तांदळातली एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकायची, घरच्या माणसांना तेवढ्यानं काही कमी पडत नाही. तुम्ही घरोघर फिरून बायांना हे सांगितलं. शनिवारी डोक्यावर टोपली घेऊन तुम्ही स्वतः गोळा करायला जायच्या. नवरे हसायचे. "अनसूयाबाई भीक मांगून राह्यली," असं चावडीवर बोललं जायचं. वर्ष-सव्वा वर्षानं स्टेशनकडच्या रस्त्यावर पाटी लागली, 'महिला सहकारी किराणा भांडार', तेव्हा हसणं बंद झालं आणि चिडणं सुरू झालं.

तो सहकार खात्याचा साहेब आठवतो? जीपमधून उतरला, दुकानात पाहिलं, सगळ्या बायाच. म्हणाला, "किसी ज़िम्मेदार आदमी को बुलाइए." तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा केलात आणि म्हणालात, "जिम्मेदार मैं हूँ. आदमी आप हो. ये बोरा जरा उधर सरकाओ." आणि त्यानं सरकवलं, बाई! पँटला पीठ लागलं त्याच्या. तो गेल्यावर आपण दोघी तेलाच्या डब्यांमागे बसून इतक्या हसलो, की मला उचकी लागली.

मी तुमच्याकडे आले ती डाळ निवडायला. आमच्या वस्तीनं बुद्ध धम्म घेऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण बाजाराच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. मागच्या खोलीत सूप घेऊन बसायचं, पुढे यायचं नाही, असंच मी धरून चालले होते. महिनाभरानं तुम्ही मागे आलात. "सातवी शिकली न तू? मग अथी काय खडे वेचून राह्यली? तराजूवर बस." मी म्हटलं, "बाई, लोकं माल घेणार नाहीत." तुम्ही म्हणालात, "लोकायचं मी पाहीन. तू काट्याकडं पाह्य. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं पाहिलं की हात थरथरते."

तुम्ही खरंच पाहिलंत. गुरुजींच्या बायकोनं, आपण सगळ्या जिला गुरुजीणबाई म्हणतो तिनं, पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "पुडी तथी खाली ठेव." तुम्ही आतून ओरडलात, "हातात घ्या, नाही तर परत जा." गुरुजीणबाई परत गेल्या. त्यांच्यामागे आणखी चौघी गेल्या. मी घाबरून रडायला लागले, तर तुम्ही माझ्यावरच खेकसलात, "रडतं काहून? त्यायच्या घरी गूळ काय झाडाले लागते?" पाचव्या दिवशी गुरुजीणबाई आल्या. हात नाहीच, पदर पुढे केला. पुडी पदरात टाकून घेतली. तुम्ही तेवढ्यावर समाधान मानलंत. मी मानलं नाही, पण तसं बोललेही नाही.

म्हणजे तुमच्यात धाडस नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. टंचाईच्या सालात लाल ज्वारीसाठी रांगा लागायच्या, तेव्हा तुम्ही गावातल्या बड्या घरच्या बायांना मागे उभं केलंत आणि बैहरच्या पहिल्या बसनं आलेल्यांना पुढे, कारण त्यांची परतीची बस दुपारी बाराची. "तुमचं घर तं हे समोर हाये, त्यायचं जंगलात हाये," एवढंच म्हणालात. केशवरावांनी मागच्या दारानं चार पोती मागितली, तर भर दुकानात त्यांना म्हणालात, "भाऊजी, रांग तिकडून सुरू होते." सरकारी साहेबाला न भिणारी, दिराला न भिणारी, अख्ख्या बाजाराला न भिणारी बाई!

आणि ही बाई रोज सकाळी कुलूप काढून, दुकान झाडून, तराजूपासून चार हात लांब, भिंतीला पाठ लावून उभी राहायची. माझी वाट पाहत. कारण माझा नवरा जिवंत होता.

मी यायची, तराजूला हात लावायची, पहिल्या गिऱ्हाइकाला माल द्यायची, पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकायची, की मग तुम्ही गादीवर येऊन बसायच्या. एखाद्या दिवशी पोरीच्या तापामुळे मला उशीर झाला, तर आलेलं गिऱ्हाईक तुम्ही गप्पांमध्ये अडकवून ठेवायच्या, पण पुडीला हात लावायच्या नाहीत. किती वर्षं चाललं हे! गाव माझ्या हाताचा विटाळ मानायचं, तो तुम्ही मानला नाहीत. स्वतःच्या हाताचा मात्र मानलात. मला हे कधी पचलं नाही आणि आजही पचत नाही.

मी भांडले की नाही? पोळ्याच्या आदल्या दिवशी भांडले, आठवा. म्हटलं, "बाई, एक दिवस तुमच्या हातानं होऊ द्या. आभाळ कोसळते का पाहू." तुम्ही मिठाच्या पोत्याचं तोंड बांधत होतात. वर न पाहता म्हणालात, "दुकान माह्या एकटीचं असतं तं केलं असतं. बावीस जणींच्या मुठी हायेत यात. माह्या हातानं त्यायचं वाईट व्हायले नोको." मी म्हटलं, "म्हणजे तुमालेही वाटते, तुमचा हात वाईट हाये?" दोरी दातानं तोडलीत आणि आत गेलात.

मग माझा नवरा गेला. आठ दिवस तापानं फणफणला आणि गेला. आमच्या वस्तीत ठरलं होतं की बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, त्यामुळे हातात बांगड्या होत्या. बाकी आत काय होतं ते काय सांगू. एकच विचार होता, की दुकानात जायचं, तराजूला हात लावायचा, म्हणजे मी उभी राहीन. तो गेल्याच्या नवव्या दिवशी सकाळी आले. तुम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या होतात, रोजच्यासारख्या. आणि तराजूवर सुमन बसली होती. नवी हिरवी बांगडी, कपाळभर कुंकू.

तुम्ही पुढे आलात, माझा हात धरलात. तुमचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं. आणि म्हणालात, "शांते, तू तेलाकडं बस जरा. बोहनी झाली की ये तराजूवर."

त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले ते माघारी घेत नाही. "तुमी मले तराजूवर बसवलं ते माह्या हातासाठी नाही, माह्या कुंकवासाठी बसवलं," असं म्हटलं. सगळ्या दुकानानं ऐकलं. पायरी उतरले ती दोन वर्षं चढले नाही.

दोन वर्षं घरी बिड्या वळल्या. तेंदूपानाच्या धुळीनं छाती भरून यायची. तुम्ही सुमनच्या हाती वासाचा चिन्नोर तांदूळ पाठवलात, मी तसाच परत केला. वास घरभर राहिला, पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मीठ मी केशवरावांच्या दुकानातून आणायची, मुद्दाम, तुमच्या दारावरून. माझाही राग काही कमी नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मागच्या हिवाळ्यात तुम्ही माझ्या घरी आलात. एकट्या, चालत. दहा मिनिटांचा रस्ता, पण तुम्हाला दम लागला होता. मी पाणी दिलं, बस म्हटलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. मी सुपातली पानं कापत राहिले. तुम्ही उभ्यानंच पाणी प्यालात, वैनगंगेला यंदा पाणी कमी म्हणालात, पोरीची शाळा विचारलीत. जाताना फाटकाशी थांबलात. "शांते, एकदा सकाळी येजो दुकानात. लवकर येजो."

मी मान वर न करता म्हटलं, "काहून? आमाले तं बोहनी झाल्यावरच जागा हाये न?"

मला वाटलं, आता भांडाल. मी तयार होते. पण तुम्ही "बरं" म्हणालात आणि गेलात. नुसतं "बरं"! आयुष्यभर कोणाचं ऐकून न घेतलेल्या बाईनं त्या दिवशी माझं ऐकून घेतलं. त्या एका "बरं"चा मला तुमच्या सगळ्या वागण्यापेक्षा जास्त राग येतो.

कारण परवा विहिरीपाशी सुमन काय म्हणाली ऐका. मी पायरी उतरले त्याच्या पंधराव्या दिवशी तुम्ही तिला सांगितलंत, "उद्यापासून तू सकाळी येऊ नोको. बोहनी मी करीन." आणि केलीत. दोन वर्षं, रोज. बाया समोरच्या ओट्यावर उभ्या राहायच्या, जशा आत्ता उभ्या आहेत. कधी दहा वाजायचे, कधी अकरा. तुम्ही तराजूवर हात ठेवून बसून राहायच्या. सुमन म्हणाली, "मी एकदा म्हटलं, मावशी, मी गिऱ्हाईक होऊन येतो न, मीच घेतो पयला माल. तं मावशी म्हणे, तू नाही. शांता येईन एक दिवस."

म्हणून तुम्ही मला लवकर बोलावत होतात. मी पहिलं गिऱ्हाईक व्हावं म्हणून! आणि मी तुम्हाला टोमणा मारून फाटकातून परत पाठवलं. बाई, एक वाक्य होतं. "शांते, आता मीच बोहनी करतो." एवढं बोलायला काय झालं होतं? मी सूप तसंच टाकून पळत आले असते. तुम्हाला काय, मी आपणहून येऊन पाहावं असं वाटत होतं? की माझी माफी मागावी लागेल म्हणून बोलला नाहीत? साहेबाला पोतं सरकवायला लावणारी बाई, माझ्यापुढे तुमची जीभ का अडली? आता कोणाला विचारू?

मी इथे दीड तास बसले आहे तर रडकुंडीला आले आहे. तुम्ही दोन वर्षं बसलात.

समोर आता केशवरावही येऊन उभे आहेत. चक्कीवाल्याशी बोलताहेत, नजर इकडे आहे. त्यांना घाई नाही. रविवारपर्यंत या बायांनी रोज सकाळी रिकामं दुकान पाहिलं, की सह्या आपोआप होतील. मुठीमुठीनं उभं केलेलं दुकान एका रविवारी जाईल, आणि वर तुमचा फोटो लावतील, हार घालून.

थांबा. कोणीतरी उतरतंय ओट्यावरून.

गुरुजीणबाई आहेत. सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच. रस्ता ओलांडून आल्या, पायरीशी उभ्या राहिल्या, दम घेतला. म्हणाल्या, "घरी गूळ नाही. नातवाले खीर पायजे. किती वेळ उभं राहावं बापा?" मी अर्धा किलो तोलला. काट्याकडे पाहिलं, तोंडाकडे नाही. पुडी बांधली. आणि त्यांनी नेहमीसारखा पदर पुढे केला.

बोहनीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं, हे मला कळतं. ओट्यावरच्या सगळ्या पाहत होत्या, केशवराव पाहत होते. पुडी टाकली असती पदरात तर काय बिघडलं असतं? पण मला तुमचा इतका राग आला होता, बाई, की तो कुठेतरी निघायलाच पाहिजे होता. पुडी मी हातातच धरून ठेवली. म्हटलं, "हातात घ्या, नाही तर परत जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तुमच्या भिंतीकडे पाहिलं, जिथे तुम्ही पाठ लावून उभ्या राहायच्या तिथे तेलकट डाग पडला आहे. म्हणाल्या, "अनसूयाचंच शिकली तू. तीही पयल्या दिवशी असंच म्हणे." आणि मग पदर सोडला आणि हात पुढे केला. सुरकुतलेला. पुडी घेताना बोटांना बोटं लागली. पैसे दिले. मी ते कपाळाला लावले.

आता पायरीवर चौघी उभ्या आहेत आणि मला मीठ मागताहेत. हा कागदही पुडीला लागणार, म्हणून घाईत लिहिते. बोहनी झाली, बाई. माझ्या हातानं झाली. माझं घर दहा मिनिटांवर होतं, तुम्ही सांगायला पाहिजे होतं.